प्ररोह संवर्धन आणि वनस्पती संप्रेरके

वनस्पतीचे खोड, पाने व कळ्या यांनी मिळून होणाऱ्या भागास प्ररोह म्हणतात. प्ररोहाचा लहानसा तुकडा निर्जंतुक काचपात्रात पोषक माध्यमावर वाढवण्याच्या पद्धतीस प्ररोह संवर्धन अशी संज्ञा आहे. ही ऊती संवर्धनाची एक शाखा होय. अशा प्ररोहांना ठरावीक वेळी व ठरावीक मात्रेत वनस्पती संप्रेरके दिली असता त्यांच्यातील औषधी द्रव्यांचे प्रमाण वाढवता येते. कर्करोग, हिवताप इत्यादी रोगांवरील काही महत्त्वाची औषधे आजही वनस्पतींपासूनच मिळतात. त्यांपैकी कित्येक वनस्पती दुर्मीळ झाल्या असल्याने हा विषय वनस्पतिशास्त्र, औषधनिर्माण आणि वनसंरक्षण या तिन्ही क्षेत्रांना महत्त्वाचा वाटतो.

केळीची रोपे तयार करण्यासाठी वापरले जाणारे ऊती संवर्धन महाराष्ट्रात सुपरिचित आहे. त्यात एकसारखी व रोगमुक्त रोपे मिळवणे हा हेतू असतो आणि रोपे अखेरीस शेतात लावली जातात. येथे वर्णन केलेल्या पद्धतीत मात्र काचपात्रातील प्ररोह हेच पीक असते. ते कापून, वाळवून त्यातील द्रव्य काढून घेतले जाते.

पार्श्वभूमी

वनस्पतीच्या जगण्यासाठी व वाढीसाठी शर्करा, प्रथिने, मेद इत्यादी पदार्थ अनिवार्य असतात. त्यांच्या निर्मितीस प्राथमिक चयापचय म्हणतात. याखेरीज वनस्पती अल्कलॉइडे, टर्पिनॉइडे, फिनॉलिक संयुगे, सॅपोनिने अशी असंख्य संयुगे तयार करतात. रोजच्या वाढीला त्यांची गरज नसते. कीड, बुरशी, चरणारी जनावरे व प्रखर प्रकाश यांपासून संरक्षण हे त्यांचे मुख्य कार्य होय. या निर्मितीस दुय्यम चयापचय म्हणतात. मनुष्य ज्यांना औषधी द्रव्ये म्हणतो, ती बहुतेक याच गटातील आहेत.

ही द्रव्ये वनस्पतीत अत्यल्प प्रमाणात असतात. अंगणात सर्वत्र आढळणाऱ्या सदाफुलीच्या पानांपासून व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध मिळते. पण एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलोग्रॅम वाळलेली पाने लागतात, असे मानले जाते. शिवाय हवामान, जमीन, ऋतू, झाडाचे वय व काढणीची वेळ यांनुसार द्रव्याचे प्रमाण बदलते. काही वनस्पतींच्या बाबतीत साल, मूळ किंवा लाकूड काढावे लागते आणि त्यासाठी संपूर्ण झाड मारले जाते. प्रयोगशाळेतील संवर्धन हा या अडचणींवरील एक पर्याय म्हणून पुढे आला.

इतिहास

वनस्पतीची पेशी शरीराबाहेर वाढवता यावी, ही कल्पना ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडली. त्यांचे स्वतःचे प्रयोग यशस्वी झाले नाहीत, कारण पेशीविभाजनास आवश्यक असलेली संप्रेरके त्या काळी ज्ञात नव्हती. पुढे ऑक्सिन या वर्गाचा शोध लागला आणि १९५५ मध्ये कायनेटिन हे पहिले सायटोकायनिन वेगळे करण्यात आले.

१९५७ मध्ये फोक स्कूग व कार्लोस मिलर यांनी तंबाखूच्या ऊतींवर केलेले प्रयोग या शास्त्राचा पाया मानले जातात. माध्यमात ऑक्सिनाच्या तुलनेत सायटोकायनिन अधिक असेल तर प्ररोह फुटतात, ऑक्सिन अधिक असेल तर मुळे फुटतात आणि दोन्हींचा समतोल असेल तर केवळ पेशींचा आकारहीन गोळा वाढत राहतो, असे त्यांनी दाखवून दिले. या गोळ्यास कॅलस म्हणतात. १९६२ मध्ये तोशिओ मुराशिगे व स्कूग यांनी प्रसिद्ध केलेले पोषक माध्यम आजही जगभर वापरले जाते.

औषधी द्रव्यांच्या बाबतीत जास्मोनेट या संप्रेरकवर्गाचा शोध निर्णायक ठरला. मिथिल जास्मोनेट प्रथम १९६२ मध्ये चमेलीच्या सुगंधी तेलातून वेगळे करण्यात आले आणि बराच काळ ते केवळ सुगंधी द्रव्य समजले जात असे. १९९० मध्ये एडवर्ड फार्मर व क्लॅरन्स रायन यांनी दाखवले की, हवेतून पसरणाऱ्या मिथिल जास्मोनेटामुळे शेजारची टोमॅटोची झाडे कीटकांना बाधक अशी प्रथिने तयार करू लागतात. १९९२ मध्ये जर्मनीतील माइनहार्ट झेंक यांच्या गटाने ३६ वनस्पतींच्या पेशी संवर्धनांवर मिथिल जास्मोनेटाचा प्रयोग केला आणि त्या सर्वांमध्ये दुय्यम द्रव्यांची निर्मिती वाढल्याचे नोंदवले. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी टॅक्सस वृक्षाच्या पेशींना १०० मायक्रोमोलर मिथिल जास्मोनेट देऊन पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगविरोधी द्रव्याचे उत्पादन मोठ्या प्रमाणात वाढवले.

प्ररोहांचीच निवड का?

सुट्या पेशी द्रव माध्यमात वाढवणे हे प्ररोह वाढवण्यापेक्षा सोपे असते. मोठ्या टाक्यांत त्या ढवळता येतात व त्यांची वाढही जलद होते. शिकोनिन हे लाल रंगद्रव्य जपानमध्ये १९८० च्या दशकात याच रीतीने व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागले. तथापि सर्वच द्रव्ये सुट्या पेशींत तयार होत नाहीत.

सदाफुली हे याचे उत्तम उदाहरण आहे. व्हिनब्लास्टिनाचा रेणू कॅथारँथिन व व्हिंडोलिन या दोन घटकांच्या जोडणीतून तयार होतो. कॅथारँथिन सुट्या पेशींत मिळू शकते. परंतु व्हिंडोलिनाच्या निर्मितीचे अखेरचे टप्पे पानांतील विशिष्ट पेशींमध्येच पार पडतात. आकारहीन कॅलसमध्ये त्या पेशीच नसल्याने साखळी मध्येच तुटते. सदाफुलीच्या बहुप्ररोह संवर्धनात मात्र व्हिनब्लास्टिन तयार होत असल्याचे १९८८ मध्ये नोंदवले गेले.

तात्पर्य, द्रव्य जेथे तयार होते तो अवयवच वाढवणे हितावह ठरते. पानांत व कोवळ्या खोडांत तयार होणाऱ्या द्रव्यांसाठी प्ररोह संवर्धन उपयोगी पडते, तर मुळांतील द्रव्यांसाठी मूळ संवर्धन. अश्वगंधेच्या पानांत विथाफेरिन ए विपुल असते, त्यामुळे त्यासाठी प्ररोह योग्य ठरतात. मुळांत आढळणाऱ्या विथानोलाइड ए साठी मुळांचे संवर्धन अधिक सयुक्तिक ठरते. प्ररोहांचा आणखी एक गुण म्हणजे त्यांची जनुकीय स्थिरता. कॅलसच्या पेशींत पिढ्यागणिक बदल साचत जातात व द्रव्यनिर्मिती मंदावू शकते. कळ्यांपासून वाढवलेल्या प्ररोहांत हा धोका कमी असतो.

संप्रेरकांचे दोन गट

या विषयाच्या दृष्टीने संप्रेरकांची विभागणी दोन गटांत करणे सोयीचे आहे.

वाढीची संप्रेरके. यात ऑक्सिने, सायटोकायनिने व जिबरेलिने येतात. सायटोकायनिनांमुळे बाजूच्या कळ्या फुटून एका तुकड्यापासून अनेक प्ररोह मिळतात. पाने हिरवी राहतात व हरितलवकांचा विकास होतो. प्ररोह संवर्धनात बेंझिल ॲडेनिन हे सायटोकायनिन सर्वाधिक वापरले जाते. त्याची मात्रा सामान्यतः लिटरमागे ०.५ ते २ मिलिग्रॅम असते. सोबत नॅप्थॅलीन ॲसिटिक आम्लासारखे एखादे ऑक्सिन अत्यल्प मात्रेत देतात. ही संप्रेरके मुख्यतः जैवभार वाढवतात, पण द्रव्यनिर्मितीवरही त्यांचा परिणाम होतो. २,४-डी हे प्रबळ कृत्रिम ऑक्सिन सदाफुलीच्या पेशींतील अल्कलॉइडांची निर्मिती दडपते, तर सायटोकायनिने तिला पोषक ठरतात.

इशाऱ्याची संप्रेरके. यात जास्मोनेटे, सॅलिसिलिक आम्ल, एथिलीन व ॲब्सिसिक आम्ल यांचा समावेश होतो. कीटकाने पान कुरतडले की वनस्पतीत जास्मोनेटाची पातळी वाढते. विषाणूंचा किंवा काही बुरशींचा संसर्ग झाला की सॅलिसिलिक आम्ल वाढते. हे संकेत मिळताच वनस्पती संरक्षक द्रव्यांच्या निर्मितीस लागते. प्रयोगशाळेत ही संप्रेरके बाहेरून दिली असता प्रत्यक्ष हल्ला न होताही वनस्पती तसाच प्रतिसाद देते. अशा प्रकारे द्रव्यनिर्मिती उद्दीपित करणाऱ्या पदार्थांस उद्दीपके म्हणतात. जास्मोनेट व सॅलिसिलिक आम्ल यांचे कार्य अनेकदा परस्परविरोधी असते; म्हणून दोन्ही एकत्र दिल्यास परिणाम दुप्पट होईलच असे नाही.

कार्यप्रणाली

संरक्षक द्रव्यांच्या निर्मितीस लागणारी विकरे कोणत्या जनुकांपासून तयार होतात, हे आता बऱ्याच अंशी ज्ञात आहे. शांत स्थितीत या जनुकांना चालना देणारी प्रथिने जॅझ नावाच्या प्रथिनांनी जखडून ठेवलेली असतात. जास्मोनेट पेशीत पोहोचल्यावर त्याचा आयसोल्यूसिन या ॲमिनो आम्लाशी संयोग होतो. तयार झालेला संयुक्त रेणू सीओआय-१ या ग्राही प्रथिनास जॅझशी जोडतो आणि जॅझ प्रथिने पेशीतील विघटन यंत्रणेकडे पाठवली जातात. ती नष्ट झाली की चालक प्रथिने मोकळी होतात व जनुके कार्यान्वित होतात. जॅझ प्रथिनांचा शोध २००७ मध्ये लागला. सदाफुलीत याच मार्गाने कार्य करणारे ऑर्का-३ हे चालक प्रथिन २००० मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी वर्णिले होते.

हीच यंत्रणा वाढ मंदावण्यासही कारणीभूत होते. जास्मोनेटामुळे पेशीविभाजनाचा वेग घटतो आणि वाढीला चालना देणाऱ्या जिबरेलिनांच्या कार्यात अडथळा येतो. वनस्पतीजवळील कार्बन, नायट्रोजन व ऊर्जा मर्यादित असते. ती संरक्षणाकडे वळवली की वाढीसाठी कमी उरते. वाढ आणि संरक्षण यांतील ही ओढाताण हाच या तंत्रातील मध्यवर्ती प्रश्न होय.

कार्यपद्धती

१. कोवळ्या खोडाचा कळी असलेला तुकडा घेऊन तो वाहत्या पाण्यात धुतात व सोडियम हायपोक्लोराइटासारख्या रसायनाने निर्जंतुक करतात.

२. मुराशिगे व स्कूग माध्यमात ३ टक्के साखर घालून त्याचा सामू सुमारे ५.८ ठेवतात. माध्यम घट्ट हवे असल्यास ०.८ टक्के अगार मिसळतात. दाबपात्रात १२१ अंश सेल्सिअस तापमानाला १५ ते २० मिनिटे ठेवून ते निर्जंतुक करतात.

३. सायटोकायनिनयुक्त माध्यमावर तुकडे ठेवून सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमान व दिवसाकाठी १६ तास प्रकाश देतात. काही आठवड्यांत प्ररोहांचा झुबका तयार होतो. हा वाढीचा टप्पा होय.

४. पुरेसा जैवभार तयार झाल्यावर उद्दीपक देतात. मिथिल जास्मोनेट पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून ते अल्कोहोलमध्ये विरघळवून सूक्ष्म गाळणीतून गाळतात. त्याची मात्रा बहुधा ५० ते २०० मायक्रोमोलर असते. हा उत्पादनाचा टप्पा काही दिवसांपासून एक-दोन आठवड्यांपर्यंत चालतो.

५. प्ररोह काढून वाळवतात, वजन करतात, द्रव्याचा अर्क काढतात आणि उच्च क्षमता द्रव वर्णलेखन पद्धतीने त्याचे प्रमाण मोजतात.

तुलनेसाठी काही पात्रांना संप्रेरक दिले जात नाही. त्यांना नियंत्रण पात्रे म्हणतात. त्यांत तेवढेच अल्कोहोल मात्र घालावे लागते, अन्यथा दिसलेला परिणाम संप्रेरकाचा की अल्कोहोलचा हे सांगता येत नाही. मिथिल जास्मोनेट बाष्पनशील असल्याने ही पात्रे दूर ठेवणेही आवश्यक असते. शेजारच्या पात्रातील बाष्प पोहोचल्यास नियंत्रण पात्रातील प्ररोहही प्रतिसाद देऊ शकतात आणि प्रयोगाचा निष्कर्ष फसवा ठरतो.

उत्पादनाचे गणित

संप्रेरकामुळे द्रव्याचे प्रमाण वाढले, एवढ्यावरून उत्पादन वाढले असा निष्कर्ष काढता येत नाही. एकूण उत्पादन म्हणजे जैवभार व द्रव्याचे प्रमाण यांचा गुणाकार होय. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

संप्रेरकाविना एका पात्रात १० ग्रॅम शुष्क प्ररोह मिळाले व दर ग्रॅमला २ मिलिग्रॅम द्रव्य असले, तर एकूण २० मिलिग्रॅम द्रव्य मिळेल. पहिल्या दिवसापासूनच जास्मोनेट दिल्याने प्रमाण दर ग्रॅमला ३ मिलिग्रॅम झाले, पण वाढ खुंटून प्ररोह ५ ग्रॅमच भरले, तर हाती १५ मिलिग्रॅमच येईल. प्रमाण दीडपट होऊनही उत्पादन घटले. याउलट प्ररोह आधी पूर्ण वाढू देऊन शेवटच्या आठवड्यात जास्मोनेट दिले आणि ९ ग्रॅम प्ररोहांत दर ग्रॅमला ३ मिलिग्रॅम द्रव्य मिळाले, तर एकूण २७ मिलिग्रॅम होईल. कार्यपद्धतीत वाढ व उत्पादन हे टप्पे वेगळे ठेवण्याचे कारण हेच आहे. म्हणून या विषयावरील निष्कर्ष वाचताना द्रव्याचे प्रमाण दर ग्रॅमला दिले आहे की दर पात्राला वा दर लिटरला, हे पाहणे अगत्याचे असते.

काही उदाहरणे

ब्राह्मी. ब्राह्मी या नावाने दोन भिन्न वनस्पती ओळखल्या जातात. त्यांपैकी बॅकोपा मोनिएरी ही पाणथळ जागी पसरणारी वनस्पती असून तिच्यातील बॅकोसाइडे ही सॅपोनिने स्मरणशक्तीशी संबंधित संशोधनात महत्त्वाची मानली जातात. तिच्या पानांच्या व खोडांच्या तुकड्यांपासून प्ररोह सहज फुटतात, त्यामुळे ती या अभ्यासासाठी सोयीची ठरली आहे. तिच्या प्ररोह संवर्धनांना ५० मायक्रोमोलर मिथिल जास्मोनेट दिल्यावर आठवडाभरात बॅकोसाइड ए चे प्रमाण दुपटीच्या जवळपास गेल्याचे नोंदवले गेले आहे.

मंडूकपर्णी. ब्राह्मी म्हणूनच ओळखली जाणारी ही दुसरी वनस्पती, म्हणजे सेंटेला एशियाटिका. तिच्यातील एशियाटिकोसाइड हे द्रव्य जखमा भरून येण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या औषधांत असते. काचपात्रात वाढवलेल्या संपूर्ण रोपट्यांत मिथिल जास्मोनेटामुळे त्याचे प्रमाण वाढते.

सदाफुली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सदाफुलीच्या व सिंकोना वृक्षाच्या रोपांना मिथिल जास्मोनेटाची केवळ वाफ देऊन अल्कलॉइडांची निर्मिती वाढल्याचे दिसून आले. कोवळ्या अवस्थेत हा परिणाम विशेष आढळला. उद्दीपक कोणत्या वयात दिले जाते याचे महत्त्व त्यावरून लक्षात येते.

मर्यादा

सायटोकायनिनाची मात्रा अधिक झाल्यास प्ररोह काचेसारखे पारदर्शक, ठिसूळ व पाणीदार होतात. असे प्ररोह वजनाला जास्त भरले तरी त्यांत शुष्क भाग कमी असतो. बंद पात्रात एथिलीन वायू साचून पाने गळू शकतात. जास्मोनेटाची मात्रा वाढत गेल्यास पाने पिवळी पडतात व प्ररोह मरतात. एका वनस्पतीस मानवलेली मात्रा दुसरीस मानवतेच असे नाही. एकाच जातीच्या दोन वाणांतही फरक पडतो.

आर्थिक अडचणी याहून मोठ्या आहेत. प्ररोहांना प्रकाश लागतो, ढवळण्याने त्यांना इजा होते आणि टाकीत त्यांची दाटी होते, म्हणून सुट्या पेशींसाठीचे बायोरिॲक्टर त्यांना जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत. प्ररोह दिवसातून काही वेळा थोडा काळच द्रव माध्यमात बुडवणारी पात्रे हा यावरील एक उपाय आहे. निर्जंतुकता राखण्याचा व विजेचा खर्च विचारात घेता, जी वनस्पती शेतात स्वस्तात पिकते तिच्यासाठी ही पद्धत सहसा परवडत नाही. द्रव्य अत्यंत मौल्यवान असेल, वनस्पती दुर्मीळ असेल किंवा तिची लागवड अवघड असेल, तेथेच ती किफायतशीर होण्याची शक्यता असते.

सह्याद्रीतील नरक्या

ही पद्धत कोणत्या परिस्थितीत आवश्यक ठरते, याचे सह्याद्रीतील बोलके उदाहरण म्हणजे नरक्या हा लहान वृक्ष. त्याचे शास्त्रीय नाव नोथॅपोडायटिस निम्मोनियाना असून तो पूर्वी मॅपिया फेटिडा या नावाने ओळखला जात असे. कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी अल्कलॉइड १९६६ मध्ये मन्रो वॉल व मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी अमेरिकेत एका चिनी वृक्षापासून वेगळे केले. १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांनी मुंबईतील गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रातून ते नरक्यातही असल्याचे प्रसिद्ध केले. टोपोटेकन व इरिनोटेकन ही औषधे कॅम्प्टोथेसिनापासूनच तयार केली जातात.

या शोधानंतर नरक्याला मोठी मागणी आली. द्रव्य मुख्यतः साल, लाकूड व मुळांत असल्याने झाडे समूळ तोडली गेली आणि पश्चिम घाटात त्याची संख्या घटली. ऊती संवर्धनाने त्याची रोपे वाढवण्याचे व काचपात्रात कॅम्प्टोथेसिन मिळवण्याचे प्रयत्न भारतातील अनेक प्रयोगशाळांत झाले आहेत. मात्र साल व मुळांत साचणारे द्रव्य कोवळ्या प्ररोहांत तितकेसे साचत नाही. त्यामुळे याच द्रव्याची निर्मिती करणाऱ्या ओफियोरायझा या लहान वनस्पतींकडेही संशोधकांचे लक्ष गेले. त्यांपैकी ओफियोरायझा प्युमिला या जातीच्या संवर्धित मुळांत कॅम्प्टोथेसिन तयार होते व काही अंशी माध्यमातही उतरते.

नरक्याच्या बाबतीत संप्रेरकांचा उपयोग म्हणूनच दुहेरी आहे. सायटोकायनिनांच्या साहाय्याने रोपांची संख्या वाढवून लागवड करता येते व जंगलातील झाडांवरील ताण कमी करता येतो. योग्य अवयवाच्या संवर्धनास उद्दीपक देऊन वृक्ष न तोडता द्रव्य मिळवण्याचा मार्गही शोधता येतो. पहिला उपयोग आज तुलनेने साध्य आहे. दुसऱ्याचे यश द्रव्याचे प्रमाण व जैवभार या दोहोंचा मेळ घालण्यावर अवलंबून आहे.